हिरवी झंडी कुणाला

विनाकारण कुणी उन्हात उभं राहत नाही, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडावर तो माणूस हातात दोन झंड्या घेऊन पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हाच मी सुनेला म्हटलं, “ह्याच्या पोटात काहीतरी आहे.”

“माँजी, रिटायर आदमी हैं, टाइमपास कर रहे हैं,” सून म्हणाली.

टाइमपास माणूस सावलीत करतो. झाशीच्या उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणी टाइमपास करत नाही.

आमची गल्ली बिजौलीकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळते, तिथे रस्ता एकदम वळतो. कारखान्यांचे ट्रक आणि गिट्टीचे, म्हणजे खडीचे, डंपर त्या वळणावरून येतात. गल्लीतून निघणाऱ्याला डंपर दिसत नाही आणि डंपरवाल्याला गल्ली दिसत नाही. आम्ही इथे घर बांधलं तेव्हा दिवसाला चार ट्रक यायचे. आता मोजायला बसलं तर चहा निवतो. त्या वळणावर दूधवाल्याचा हात गेला, एका पेन्शनरचा जीव गेला. दर वेळी लोक जमले, ब्रेकर व्हायला पाहिजे म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

हा माणूस रेल्वेत फाटकावर होता. मानिकपूरच्या लाईनीवरच्या कुठल्याशा फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. नोकरी संपली त्याच सुमारास फाटकही संपलं. रेल्वेने खालून रस्ता काढला. बायको आधीच वारली होती, म्हणून ते आमच्या समोरच्या घरात पुतण्याकडे राहायला आले. गल्ली त्यांना फाटकवाले दद्दा म्हणायची. मी काहीच म्हणत नसे. माझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून त्यांचा ओटा आणि गल्लीचं तोंड, दोन्ही दिसतं. मी बघत असे.

अंगाने काटकुळे. खाकी पँट, पायात मोज्यांशिवाय बूट, पण बूट चकचकीत. गळ्यात शिट्टी. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला उभे राहिले की दोन तास बसायचे नाहीत. कुणी स्टूल आणून दिलं तर त्यावर पाण्याची बाटली ठेवायचे. रस्ता असो नसो, कुठेही ओलांडताना आधी थांबायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “दोन्ही बाजू साफ.” मग पाय उचलायचे. हे मी त्यांना देवळाच्या आवारात करताना पाहिलं आहे. एका लग्नात नवरदेवाला आहेर करायला निघाले, तेव्हा दोन खुर्च्यांच्या रांगांमध्ये थांबून त्यांनी हेच केलं. मागची माणसं त्यांच्यावर आदळली. नवरदेव हसला. हे हसले नाहीत.

माझ्याशी मात्र मराठीत बोलायचे. गल्लीत मराठी घरं दोनच, आमचं आणि त्यांच्या पुतण्याचं. पुतण्याला कळतं, बोलता येत नाही. माझ्या मुलाचंही तेच. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. सून ग्वाल्हेरची, नाव मराठी, तोंडात हिंदी. त्यामुळे कुणी “काय वहिनी, बरं आहे ना?” असं म्हटलं की एखादीला भरून येईल. मला येत नाही. परक्या गावात आपल्या भाषेत गोड बोलणारा भेटला की मी आधी दाराची कडी बघते.

पहिल्या महिन्यात नुसत्या झंड्या आणि शिट्टी होती. दुसऱ्या महिन्यात बांबू आला. लांबलचक, लाल-पांढरे पट्टे मारलेला, एका टोकाला विटांची गोणी बांधलेली. वळणावर डंपर दिसला की ते दोरी सोडायचे, बांबू गल्लीवर आडवा पडायचा. गल्ली बंद. डंपर गेला की दोरी ओढायची, गल्ली सुरू. स्कूटरवाले हॉर्न मारायचे, ओरडायचे.

“दद्दा, देर हो रही है!”

“देर ज़िंदा आदमी को होती है, बेटा. शुकर मना.”

हे ते रोज म्हणायचे, चेहरा न हलवता.

एकदा मला भाजीच्या पिशवीसकट अडवलं. बांबूच्या आत मी, बाहेर ते, आणि त्यांच्या हातात हिरवी झंडी. मी म्हटलं, “अहो, हिरवी दाखवता आणि वर अडवता? डोकं ठिकाणावर आहे का?”

“हिरवी तुम्हाला कुठे दाखवली, वहिनी?” ते म्हणाले. “हिरवी त्याला. त्या डंपरला. म्हणजे फाटक लागलंय, लाईन मोकळी, तू ये. तुम्हाला फाटक. फाटकावर माणसांना झंडी नसते. झंडी गाडीला असते.”

“आणि लाल?”

“लाल पण गाडीलाच. काही आडवं आलं तर. भरलेला डंपर काय आणि मालगाडी काय, जागच्या जागी थांबत नाही. माणूस थांबतो. म्हणून माणसाला थांबवायचं.”

एवढं सगळं त्यांनी मराठीत सांगितलं. आजूबाजूला चार स्कूटरवाले उभे होते, त्यांना अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, असेल, आणि भाजी घेऊन घरी आले. त्या वेळी मला ते फक्त विचित्र वाटलं.

हेल्मेट नसलेल्याला ते बांबू उचलून देत नसत. भांडणं व्हायची. माझी सून स्कूटीवर सिव्हिल लाइन्सला नोकरीला जाते. तिचं हेल्मेट डिकीत असायचं, केस बिघडतात म्हणून. तिला त्यांनी तीन दिवस अडवलं. तिसऱ्या दिवशी ती चिडून म्हणाली, “आप मेरे ससुर लगते हैं क्या?” ते म्हणाले, “ससुर होता तो घर पर ही रोक लेता.” चौथ्या दिवशी ती घरातून निघतानाच हेल्मेट घालून निघाली. मला ते आवडलं नाही. माझ्या घरातल्या बाईने काय घालावं हे समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने का ठरवावं?

वाहतूकवाल्यांचा सुरक्षा सप्ताह की काय तो आला, तेव्हा साहेबलोक मांडव घालून चौकात उभे राहिले आणि बिनहेल्मेटवाल्यांना गुलाबाचं फूल देऊ लागले. लाज वाटावी म्हणून. फाटकवाले तिथे गेले आणि एका पोराच्या हातातलं फूल काढून घेऊन साहेबाला म्हणाले, “जो ग़लत चले उसको फूल. तो जो सही चले उसको क्या, काँटा?” साहेब म्हणाला, “बाबा, आप बैठिए, आपको भी फूल मिलेगा.” हे म्हणाले, “मैं ड्यूटी पर हूँ,” आणि उभेच राहिले. फोटोत ते कडेला आलेत, फुलाकडे संशयाने बघताना. तेवढा एक फोटो मला पटला.

आता नंबरांची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून झालं.

वळणाच्या पलीकडे एक समोसेवाला बसतो. त्याला डंपर लांबून दिसतो. काही दिवसांनी माझ्या कानावर यायला लागलं, समोसेवाला तिकडून ओरडतो, “दद्दा, बयालीस!” आणि हे इकडून ओरडतात, “सत्रह!” मग खिशातून वही काढून लिहितात. घड्याळ बघून वेळ लिहितात. थोड्या वेळाने पुन्हा. “छियासठ!” “नौ!” रोज नवे आकडे.

मी चौथी शिकले, पण सट्टा कशाला म्हणतात ते मला कळतं. दोन माणसं रस्त्याच्या दोन बाजूंनी आकडे ओरडतात आणि वहीत लिहून घेतात, ह्याला दुसरं काय नाव? आता उन्हात उभं राहण्याचं कारण सापडलं, असं मला वाटलं. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “आई, तू तो हर किसी पे शक करती है.” मी म्हटलं, शक करते म्हणून ह्या घराला कुलूप न लावताही काही गेलं नाही.

बांबूचीही धास्ती होती. आज बांबू, उद्या टपरी, परवा टपरीला पत्रा. नाही तर देऊळ. ह्या गावात रस्त्यावरच्या जागा अशाच जातात. मी आमच्या वॉर्डाच्या पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे गेले. त्याच्या माणसाने हिंदीत अर्ज लिहिला: रस्त्यावर अतिक्रमण, येण्याजाण्यास अडथळा, आणि आकड्यांचा खेळ चालतो असा संशय. मी खाली मराठीत सही केली. कुणाला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी दरोगा, म्हणजे चौकीचा फौजदार, आला. मागे नगर निगमची ट्रॉली. मी खिडकीत होते. दरोग्याने वही मागितली, पानं उलटली, विचारलं, “ये नंबर क्या हैं?”

“प्राइवेट नंबर, साहब.”

“किसके प्राइवेट?”

“रेलवे में ऐसा ही होता है. स्टेशन मास्टर फ़ोन करता है, गाड़ी छोड़ रहा हूँ, मेरा नंबर बयालीस. मैं फाटक बंद करके बोलता हूँ, बंद है, मेरा नंबर सत्रह. दोनों लिख लेते हैं. कल को कोई ये ना कहे कि मैंने सुना नहीं था.”

दरोगा समोसेवाल्याकडे बघून म्हणाला, “तो ये स्टेशन मास्टर है?”

“काए साहब, हमाओ तो समोसा जल रओ,” समोसेवाला म्हणाला आणि पळाला.

दरोगा पोट धरून हसला. वही परत दिली. पण ट्रॉली रिकामी कशी जाणार? बांबू उचलून त्यात टाकला. फाटकवाले ट्रॉलीमागे चालत गेले आणि म्हणाले, “रसीद दीजिए. फाटक का सामान है, बिना रसीद के नहीं जाता.” ट्रॉलीवरचे सगळे हसले. रसीद कुणी दिली नाही.

मी खिडकी लावून घेतली. सट्टा नव्हता हे कळलं. तरी मला वाटलं, चला, रस्ता तरी मोकळा झाला.

पोलीस बघून समोसेवाला घाबरला होता. त्याने आकडे सांगणं सोडलं. फाटकवाले मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. आता बांबूच्या जागी डावा हात आडवा धरायचे, उजव्या हातात हिरवी. दोन तास हात आडवा. संध्याकाळी पुतण्या ओट्यावर बसून त्यांचा खांदा चोळायचा. हे मी पाहत होते.

अपघात पावसाळ्यानंतर झाला. सकाळची वेळ. गल्लीच्या तोंडाशी भाजीचा ठेला उभा होता. वळणावरून डंपर आला, फाटकवाल्यांनी डावा हात आडवा केला आणि डंपरला हिरवी दाखवली. गल्लीतली माणसं हाताला बघून थांबली. माझी सून उशिरा निघाली होती. ती ठेल्याच्या उजवीकडून आली. तिकडून तिला हात दिसला नाही. त्यांची पाठ आणि हवेत हिरवी झंडी, एवढंच दिसलं. तिने वेग वाढवला.

मी खिडकीत होते. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही.

डंपरने स्कूटीचं मागचं चाक उडवलं आणि तो निघून गेला. नंबरावर चिखल होता. सून दूर नाल्याच्या कडेला पडली होती. पाय दोन ठिकाणी मोडला. हेल्मेटला चीर गेली, डोकं आत सुखरूप होतं. मी पोचले तेव्हा फाटकवाले तिच्याशेजारी रस्त्यात उभे होते, लाल झंडी दोन्ही हातांनी पसरून. मागचे सगळे ट्रक थांबलेले. कुणी हॉर्न मारला नाही.

डंपर सापडेना. मग लोकांना सापडलेल्या माणसाची आठवण झाली. “बुड्ढे ने हरी दिखाई, तभी तो बहू निकली,” असं अख्खी गल्ली म्हणू लागली. खोटं नव्हतं. सगळ्यांनी हिरवी पाहिली होती. माझ्या मुलाने रिपोर्ट द्यायचं ठरवलं. मला म्हणाला, “आई, तू तो खिड़की में थी. तू गवाह है.”

चौकीत आम्ही गेलो तेव्हा फाटकवाले आधीच बाकावर बसून होते. मुंशीने, म्हणजे तिथल्या कारकुनाने, माझं म्हणणं विचारलं आणि मी बोलायच्या आधीच लिहून टाकलं. वाचून दाखवलं: वृद्धाने हिरवी झंडी दाखवली, ती पाहून बहू रस्त्यावर आली. “दस्तख़त कर दो, अम्मा.”

मी म्हटलं, “झंडी डंपर को थी. वो लिखो.”

“एक ही बात है.”

“एक बात नहीं है. हरी डंपर को थी. आदमी को झंडी नहीं होती, फाटक होता है.”

मुंशीने पेन खाली ठेवलं. “कौन सा फाटक, अम्मा? वहाँ तो कोई फाटक नहीं है.”

“था. बांस का था. मैंने हटवाया. अर्ज़ी मेरी थी. ये भी लिखो.”

मुलगा उठून उभा राहिला. “आई! तू किसकी तरफ़ है?”

“खाली बस,” मी म्हटलं. मुंशीला वाटलं मी त्याला काही सांगते आहे, तो म्हणाला, “बस नहीं, अम्मा, अभी पूरा नहीं हुआ.” एरवी माझा मुलगा ह्यावर हसला असता, तेव्हा हसला नाही.

मुंशी म्हणाला, बांबूचा ह्यात काही संबंध नाही. मी म्हटलं, मग सहीचाही नाही. मी बाकावर बसून राहिले. तो जेवून आला. मी तिथेच होते. शेवटी त्याने कंटाळून दोन ओळी वाढवल्या, मी त्या अक्षर लावून वाचल्या आणि सही केली.

मग त्याने फाटकवाल्यांना विचारलं, “बाबा, आपको कुछ कहना है?” मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, बघा, माझी चूक नव्हती. ते उभे राहिले. पँट वर ओढली. म्हणाले, “ग़लती मेरी है. फाटक खुला था और मैंने हरी दी. नौकरी में होता तो उसी दिन सस्पेंड होता. सही होता.”

मुंशीने हेही लिहून घेतलं. एका कागदावर आता दोन म्हाताऱ्यांनी दोष आपापल्याकडे घेतला होता आणि डंपरवाल्याचं नावही नव्हतं. त्याने फाइल बंद केली, ती अजून बंदच असेल.

बाहेर पायरीवर मी त्यांना म्हटलं, “तुम्ही ऐकलंत ना, बांबू मी काढवला.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “दरोग्याने अर्ज हातात धरला होता. सही अंगठ्याखाली झाकलेली, पण नावाचं शेवटचं अक्षर दिसत होतं. ळ. ह्या वॉर्डात ळ काढणारे आपण दोघंच, वहिनी. आणि मी तर अर्ज दिला नव्हता.”

“मग इतके महिने बोलला का नाहीत?”

“अडवलेला माणूस शिव्या देतोच. सगळ्या नोकरीत खाल्ल्या.” ते पायरी उतरले, थांबले. “पण शिव्या देऊन तो थांबतो तरी. तुम्ही फाटकच उचलून नेलंत.”

हे मला लागलं. अजून लागतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा संशय गेला. तोवर गेला नव्हता. खरं म्हणजे त्यांच्या पोटात काहीच नव्हतं. गाडी येते, माणूस मधे येऊ नये, एवढंच त्यांना येत होतं आणि तेच ते करत होते.

ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पुतण्याने, समोसेवाल्याने सांगून पाहिलं. “फाटक नाही तिथे गेटमन नसतो,” म्हणाले. दिवाळीआधी बीना गावी बहिणीकडे गेले. गल्लीच्या तोंडावर त्यानंतर नगर निगमने ब्रेकर केला, त्यासाठी मी तीन अर्ज दिले. तो ब्रेकर आमच्या गल्लीवर केला आहे, रस्त्यावर नाही. डंपर आधीसारखेच येतात.

चौकीतून त्या दिवशी घरी आलो तेव्हा सून खाटेवर होती, पाय उशांवर ठेवलेला. मुलगा दारातच उभा राहिला.

“हो गया, माँजी?” तिने विचारलं.

“झालं.”

“मैंने हरी देखी थी. कोई ये ना कहे कि बिना देखे निकल गई. मैंने देखकर ही निकाली थी.”

“हिरवीच होती. पण ती डंपरला होती. तुला नव्हती.”

माझी सून हुशार आहे, तिला गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

“तो हमारे लिए बांस था,” ती म्हणाली. “बांस होता तो मैं रुक ही जाती, चाहे जितना चिढ़ती. वो हटवाया किसने था? कुछ पता चला वहाँ?”

मुलाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

“मी,” मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.